तपासलेला घास

नाशिकमध्ये रोज सकाळी किती माणसे मिसळ खातात हे मला ठाऊक नाही. परंतु मिसळीची ताटली समोर आल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधली भीती उमटते असा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो आमच्या घरचा जावई आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, खाण्यावर ब्लॉग लिहितात. इतर लोक असे लिखाण आनंदापोटी करतात. भाऊजी करतात ते काळजीपोटी. आपण चांगले म्हटले आणि कुणाचे पोट बिघडले तर? आपण वाईट म्हटले आणि कुणाची चूल विझली तर? आपण काहीच म्हटले नाही आणि एखादी उत्तम भजी कुणाच्या जिभेला न लागताच या जगातून निघून गेली तर? या तीन भयांच्या तिवईवर त्यांचा ‘तपासलेला घास’ हा ब्लॉग गेली काही वर्षे उभा आहे. तीन पायांची वस्तू डगमगत नाही, असे ते स्वतःच सांगतात. सांगताना टेबलाची कड मात्र घट्ट धरलेली असते.

त्यांनी सारी हयात ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. दुसऱ्याने घडवलेला सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, बोटाच्या पेराने त्याची कड चाचपायची आणि केसाएवढी भेग दिसली तरी तो बाजूला ठेवायचा, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर हातातले भाग गेले, बोटे मात्र तशीच राहिली. ती आता द्राक्षांचे घड, लग्नपत्रिका, सोफ्याच्या शिवणी आणि जिलबीची वळणे चाचपत असतात. “मला बघायला आले तेव्हाही असंच पाहत होते,” ताई सांगते. “पास झाले की नाही ते अजून कळवलेलं नाही.” यावर भाऊजी चष्मा पुसत म्हणतात, “तपासणी चालू आहे.”

एखाद्या ठिकाणाविषयी लिहायचे तर तिथे तीनदा गेल्यावाचून ते लेखणी उचलत नाहीत. एकदा आडवारी, निवांत वेळी. एकदा रविवारी, जेव्हा मखमलाबादकडच्या मळ्यांत थाटलेल्या मिसळीच्या बागांमध्ये माणसे ताटलीपेक्षा खुर्चीसाठी अधिक भुकेली असतात. आणि एकदा मालक गावाला गेलेला असताना. “मालक समोर असताना कोणीही चांगलं रांधेल,” हे त्यांचे तत्त्व. मालक गावाला कधी जातो हे कळावे म्हणून ते त्याच्याशी आधी ओळख वाढवतात, त्याच्या सासुरवाडीची चौकशी करतात, तिकडे कुणाचे लग्नकार्य निघाले आहे का ते विचारतात, आणि मालक भारावून जातो. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत एक भिंग, एक स्टीलचा चमचा, एक वही आणि स्वयंपाकाचा तापमापक असतो. मखमलाबादच्या एका मिसळवाल्याच्या काळ्या मसाल्याच्या रश्शात, तर्रीचा लाल पदर हलकेच बाजूला सारून, त्यांनी तो तापमापक बुडवला, तेव्हा मिसळवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “काय काका, रश्शाला ताप आलाय का?” भाऊजींनी अत्यंत गंभीरपणे आकडा वाचला आणि म्हणाले, “नाही ना. तेच तर काळजीचं आहे.” मिसळवाल्याने ताटली उचलली आणि रस्सा पुन्हा उकळून आणला. त्या दिवशी त्या बागेतल्या सगळ्याच टेबलांना वाफाळता रस्सा मिळाला, आणि कुणामुळे मिळाला हे कुणालाच कळले नाही.

ब्लॉग कसा लिहावा याविषयीचे सल्ले ते न विचारताही देतात. साखरपुड्यात, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर वर्षश्राद्धाच्या पंगतीत. “वाफ कुणासाठी थांबत नाही, आधी फोटो, मग नमस्कार.” “पत्ता असा लिहा की वाचकाला रिक्षावाल्याला विचारावं लागू नये.” “पोट भरलेलं असताना चांगलं लिहू नका आणि भूक लागलेली असताना तर मुळीच लिहू नका.” विशेषणांशी त्यांचे जुने वैर. मी महाविद्यालयात कविता शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई. एकदा त्यांच्या मसुद्यातल्या साबुदाणा वड्यापुढे मी प्रेमाने ‘स्वर्गीय’ असा शब्द सुचवला. त्यांनी पेन खाली ठेवले. “कवयित्रीबाई, स्वर्गात कोण जाऊन आलंय? तिथे वडा मिळतो याला पुरावा काय? वड्याची कड कुरकुरीत आहे, आत साबुदाणा कच्चा नाही, तेल पिळून निघत नाही. एवढं पुरे.” मी मनातल्या मनात त्या वड्याची क्षमा मागितली.

आणि प्रतिक्रिया! लेख प्रसिद्ध केल्यापासून पहिली प्रतिक्रिया येईपर्यंत ते घरात अशा येरझाऱ्या घालतात की ताई फरशी पुसायचे पुढे ढकलते. एकदा एका वाचकाने फक्त ‘ठीक’ असे लिहिले. सकाळभर भाऊजी त्या एका शब्दाभोवती फिरत राहिले. “ठीक म्हणजे काय? राग आलाय का त्याला?”

“अहो, त्याला ठीक वाटलं असेल!” ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

“ठीक वाटलं तर कोण कशाला लिहायला बसेल? काहीतरी टोचलंय त्याला. काय टोचलंय ते सांगत नाही.”

शेवटी त्यांनी त्या अनोळखी माणसाला चार परिच्छेदांचे दिलगिरीचे उत्तर पाठवले. त्यावर त्याचे उत्तर आले: ‘ठीक.’

हे सारे हसण्यावारी नेता येते; शिक्क्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेलेली त्यांना खपत नसे. कारखान्यात प्रत्येक तपासनीसाला स्वतःचा शिक्का असतो, असे ते सांगत. तो भागावर उमटला की त्या भागाची जबाबदारी त्या एका माणसाची. शिक्का दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून मारायचा नाही. त्यांचे एक वरिष्ठ सहकारी नजर अंधुक होऊ लागल्याचे जाणवताच, कुणी विचारण्याआधीच, आपला शिक्का साहेबांच्या टेबलावर ठेवून आले होते. ती हकिगत सांगताना भाऊजींचा आवाज दर वेळी एकाच ठिकाणी घोगरा होई. ब्लॉग सुरू केला तेव्हा त्यांनी मेनरोडवरच्या एका दुकानातून ‘तपासले’ अशी अक्षरे असलेला गोल शिक्का बनवून घेतला. तीन भेटी पूर्ण झाल्या की कोऱ्या कागदावर तो उमटवायचा, ताटलीशेजारी कागद ठेवून छायाचित्र घ्यायचे आणि ते लेखाच्या शेवटी लावायचे. लोक त्यांचे वर्णन वाचत नसत. घसरत घसरत शेवटी येत आणि शिक्का आहे की नाही तेवढे पाहत.

गेल्या श्रावणात भाऊजींना ताप आला. आठ दिवसांत उतरला. त्यानंतर ते मला प्रत्येक ठिकाणी सोबत नेऊ लागले. “चल, तुझी जीभ बरी आहे,” म्हणत. पूर्वी मी काही बोलायला तोंड उघडले की हाताने थांबवणारे भाऊजी आता वही उघडून विचारू लागले, “नीट सांग. काय काय लागतंय? आधी काय, मागून काय?” मी सुखावले. आयुष्यभर शब्दांची कमाई केलेल्या बाईला इतका उत्सुक श्रोता विरळाच. मी सांगत गेले: भत्त्याच्या चुरमुऱ्यांतल्या भाजलेल्या डाळ्याला उन्हात तापलेल्या गोणपाटाचा वास आहे, या आमटीतला लसूण आधी रागावतो आणि मग समजूत घालतो, हे ताक पहाटेच्या विहिरीसारखे थंड आणि किंचित हिरवे आहे. आणि एके दिवशी ब्लॉग उघडला तर ते ताक, ती विहीर, तो हिरवेपणा, सारे जसेच्या तसे तिथे! स्वर्गाचा पुरावा मागणाऱ्या माणसाने विहीर विनाचौकशी स्वीकारली होती. खाली वाचकांनी लिहिले होते, ‘काका, हल्ली वाचताना पानातून वास येतो!’ एरवी अशा कौतुकाने दोन दिवस छाती पुढे काढून चालणारे भाऊजी त्या दिवशी कुणाशी बोललेच नाहीत. त्यांच्या काळजीच्या साऱ्या जाती मला ओळखू येत. ही जात निराळी होती.

उलगडा आमच्याच घरी झाला. ते दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत होते, मी मागच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते आणि गॅसवर दूध होते. धावत आले तेव्हा दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाशी काळे झाले होते. घरभर तो कडवट, घशाला खरवडणारा वास. आणि भाऊजी, ज्यांना जिन्यातूनच आमच्या भाजीतली मेथी ओळखू येई ते भाऊजी, चार पावलांवर बसून शांतपणे म्हणाले, “खीर करतेयस वाटतं. छान वास सुटलाय.”

मी पातेले हातात घेऊन तशीच त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पातेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“तापानंतर काही येत नाही,” ते म्हणाले. “मीठ कळतं. तिखट भाजतं. गोड असल्याचं समजतं. बाकी सगळं म्हणजे ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणतात, येईल परत. किंवा नाही येणार.” आणि घाईघाईने, “ताईला सांगू नकोस हं. ती रोज विचारते, मी रोज छान म्हणतो. खोटं नाही ते. अंदाज आहे.”

“आणि शिक्का?” मी विचारले.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “तीनदा जातो ना आपण,” ते हळूच म्हणाले. “आणि तुझी जीभ आहे. उधारीवर, पण आहे.” मला त्यांना थांबवता आले असते. पण थांबवले तर हा माणूस घरात बसून कशाकशाच्या कडा चाचपील याची मला धास्ती वाटली. आणि खरे सांगायचे तर, माझी विहीर शेकडो लोकांनी वाचली होती, याचाही मोह होताच. मी गप्प बसले. त्या दिवसापासून आम्ही दोघेही प्रत्येक घासाला घाबरू लागलो.

पेठ रोडवर, शहर सुटता सुटता, पत्र्याच्या आडोशाला एका बाईची खानावळ आहे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून ती दर वर्षी द्राक्षबागांत मजुरीला येई. यंदा मजुरी सोडून तिने चूल मांडली होती. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, एवढेच. “काका, तुमचा तो गोल छाप लागला की गिऱ्हाईक येतं, आसं पोरी सांगत्यात कॉलेजच्या,” ती पहिल्याच भेटीत म्हणाली. “न्हाय लागला तर फाल्गुनात मी परत बागंत. तवा नीट जेवा, घाई करू नका.” पहिल्या दोन भेटींत तक्रार करण्यासारखे खरोखर काही नव्हते. ती तांबूस-काळी भाकरी हातात धरली की तापलेल्या खडकासारखी ऊब देई, आणि चटणीचा तेलकट, किंचित कडसर स्वाद आमटीच्या मऊपणावर अलगद उतरे. मालकीणच रांधणारी, तेव्हा ती गावाला गेलेली असताना जाण्याचा नियम भाऊजींना इथे सोडावा लागला. तिसऱ्या भेटीत मी चटणीचा पहिला घास घेतला आणि जिभेच्या मागच्या बाजूला तो आला: खवटपणा. फार नव्हे, जुन्या कपाटाचे दार उघडून लगेच मिटावे तेवढाच.

भाऊजी वही उघडून माझ्याकडे पाहत होते. चुलीपाशी हातातली भाकरी थापायची थांबवून ती बाईही माझ्याकडेच पाहत होती. शिकवताना मी मुलांना सांगत असे, नेमका शब्द मिळेपर्यंत थांबा. त्या क्षणी नेमका शब्द माझ्या जिभेवर होता, आणि मी म्हणाले, “छान. पहिल्यासारखीच.”

शिक्का उमटला. आठवड्याभराने सकाळीच भाऊजी आमच्या दारात उभे होते, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. कुणीतरी लिहिले होते: ‘भाकरी उत्तम. चटणी मात्र खवट. काका, तुम्ही स्वतः खाल्ली होती ना?’

“शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं,” ते म्हणाले. “हा विचारतोय. सभ्यपणे विचारतोय.” मग डोळे वर न करता, “खवट होती का गं?”

मी हो म्हणाले. ती बाई पाहत होती, मला बोलवेना, असे काहीतरी पुढे जोडले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला रडता तरी आले असते. ते इतकेच म्हणाले, “तुला भेग दिसली होती.” आणि मग, “चूक तुझी नाही. शिक्का माझा होता. चल, आधी तिला सांगायला हवं. वहीत लिहिण्याआधी ज्याचं काम त्याला सांगायचं असतं.”

ती रडेल, भांडेल, भाकरी अंगावर फेकील, सारे मी वाटेभर स्कूटरवर मनातल्या मनात पाहून घेतले. भाऊजींनी तिच्यासमोर उभे राहून, शाळेत कविता म्हणतात तसे हात सरळ सोडून, सगळे सांगितले: आपल्याला वास येत नाही, चटणी खवट होती, आपण ती न कळताच चांगली ठरवली. बाईने कपाळाला हात लावला.

“आता काय म्हनावं तुमाला! आवो, मला वास आला व्हता तवाच. जुनी खुरासणी व्हती, भावजयीनं धाडलेली. म्या टाकूनच देनार व्हते. पन तुमी छाप मारला. म्हनलं, येवढा कारखान्यात इमानं तपासनारा मानूस चांगली म्हनतोय, तर माझंच नाक बिघडलं आसंल.” तिने डबा ओढून उघडला. “आठ दिस तीच वाढतेय मी लोकांला, तुमच्या भरवशावर!”

भाऊजी खाली बसले. चुलीपुढच्या दगडावर, पिशवीसकट. आपल्या शिक्क्याने वाचक फसतील ही भीती त्यांनी आजवर जपली होती. एका शाबूत नाकाला तो खोटे पाडील, हे त्यांच्या कुठल्याच भयात नव्हते. बाईने डबा मागे नेऊन रिकामा केला, हात धुतले आणि आम्हाला गुळाचा चहा दिला. “प्या,” ती म्हणाली. “ह्यात काय खवट न्हाय. आन् ह्ये मी सांगते, तुमी नको.”

त्याच दुपारी त्यांनी ब्लॉगवर लिहिले. एकही विशेषण नाही, उपमा तर नाहीच. ‘श्रावणातील तापानंतर मला वास येत नाही. त्यानंतरच्या सर्व लेखांतील शिक्के रद्द समजावेत. वर्णने माझ्या मेहुणीची आहेत. ती चांगली आहेत, पण मी ती खाल्लेली नाहीत. पेठ रोडवरील चटणी आता ताजी आहे असे खानावळीच्या मालकीणबाई सांगतात. त्यांच्या नाकावर विश्वास ठेवावा.’ मग ते शिक्का घेऊन स्वयंपाकघरात गेले, ताईच्या ओट्यावर ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हा जमा करून घे. मला तुला एक सांगायचंय.”

“वास येत नाही, तेच ना?” ताईने वळूनही पाहिले नाही. “दोन महिने झाले, मी तुमच्या चहात आलं घालत नाहीये. आणि तुम्ही रोज म्हणता, आज आलं झकास उतरलंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. तपासणी चालू होती,” ताई म्हणाली, आणि मग तिचा हात थोडा वेळ त्यांच्या खांद्यावर तसाच राहिला. भाऊजी भिंतीकडे पाहून खोकले.

प्रतिक्रिया बऱ्याच आल्या. कुणी विश्वास उडाला म्हणून ब्लॉग सोडल्याचे कळवले, कुणी निरनिराळी औषधे सुचवली, कुणी ‘काका, तरी लिहा’ म्हटले. भाऊजींनी सगळ्या वाचल्या, आणि सोडून गेलेल्यांना तेवढी उत्तरे पाठवली. आता ते शिक्क्याविना लिहितात: कुठे ताटल्या गरम पाण्याने धुतात, कुठे एकट्या बाईला निवांत बसून जेवता येते, कुठे म्हाताऱ्या माणसाला पायरी चढावी लागत नाही. वाचक कमी झाले आहेत. पेठ रोडची बाई फाल्गुनात बागेत गेली नाही. भाकरीसाठी थांबणारी माणसे तिला मिळाली. चटणी ती आता रोज नव्याने कुटते आणि वाढण्याआधी स्वतःच हुंगते.

परवा सकाळी आम्ही स्कूटरवरून रविवार कारंज्याकडे निघालो होतो. सिग्नलला थांबलो. सकाळचे ऊन अजून कोवळे होते, फुलांच्या गाडीवर कुणी पाणी मारत होते. अचानक भाऊजींनी हेल्मेटची काच वर केली आणि मान थोडी पुढे काढली.

“कांदा परततंय का गं कुणी?”

मी चहूकडे पाहिले. कढई नव्हती, गाडा नव्हता. आमच्या पुढे एक जुना टेम्पो उभा होता आणि त्याच्या नळीतून निळसर, जाड धूर बाहेर येत होता. काही महिन्यांपूर्वी मी हो म्हटले असते, आणि वर त्या कांद्याला सोनेरी रंगही दिला असता.

“नाही भाऊजी. टेम्पोचा धूर आहे.”

मग त्यांनी हळूच विचारले, “पण आहे ना काहीतरी? मला भास नाही ना झाला?”

“आहे. खूप आहे.”

दिवा हिरवा झाला. टेम्पो धुराचा मोठा लोट सोडून पुढे गेला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, कुणीतरी “ओ काका, झोपलात का?” म्हणून ओरडले. भाऊजी हलले नाहीत. डोळे मिटून, छाती भरभरून, ते तो धूर आत घेत होते.